दवाखान्यातली म्हातारी माणसं : दोन दिवसांत काय शिकवू?

मांजराकाठ
मंडळी, मी लातूरला नर्सिंग कॉलेजात शिकवते. पुढच्या महिन्यात आमच्याकडं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. विषय एकच, म्हाताऱ्या पेशंटची शुश्रूषा. चाळीस जण येतील. त्यात स्टाफ नर्स, एएनएम, वॉर्डबॉय, मावश्या आणि आले तर दोन-चार डॉक्टर. चहा, जेवण, उद्घाटन आणि हारतुरे वजा केले की माझ्या हातात जेमतेम दहा तास उरतात.

स्लाइड माझ्याकडं शंभर पडल्यात. पण मला त्या दाखवायच्या नाहीत. कामून, ते सांगते.

गेल्या वर्षी एका दवाखान्यात मुलींना ड्युटीला घेऊन गेले होते. औशाकडच्या एका खेड्यातल्या ७८ वर्षांच्या आजी खुब्याचं हाड मोडून आलेल्या. ऑपरेशन चांगलं झालं. तिसऱ्या रात्री त्या ओरडायला लागल्या. म्हशीला हाका मारू लागल्या, सलाईन ओढलं. ड्युटीवरच्या सिस्टरनं त्यांचा हात खाटेच्या दांडीला बांधला आणि कागदावर लिहिलं, ‘पेशंट सहकार्य करत नाही’. ती सिस्टर माझीच विद्यार्थिनी होती, पहिल्या वर्गात पास झालेली.

सकाळी मी बघितलं तर आजींचा चष्मा सुनेच्या पर्समध्ये. पाच दिवस पोट साफ नाही. लघवीची नळी तशीच. दुखण्याची गोळी ‘लागल्यास द्यावी’ असं लिहिलेलं, आणि आजी मागत नव्हत्या म्हणून कुणी दिली नव्हती. सगळ्यात वाईट म्हणजे आधी त्या कशा होत्या हे कुणालाच माहीत नव्हतं. मुलाला विचारलं तर म्हणाला, “मॅडम, परवापरवापर्यंत माय दोन म्हशीची धार काढायची.” अशी बाई तीन दिवसांत वेडी होत नसते. याला डेलिरियम म्हणतात, म्हणजे आजारपणात अचानक आलेला भ्रम, आणि कारण शोधून काढलं तर तो बहुतेक वेळा ओसरतो.

म्हणून विचारते. तुमच्या घरच्या म्हाताऱ्या माणसांना दवाखान्यात काय अनुभव आले? तिथल्या लोकांना काय येत असतं तर बरं झालं असतं? तेच शिकवीन म्हणते.

बिंदुसरा
चांगला धागा. बीडहून लिहितोय. वडील ८१ वर्षांचे. कुठल्याही डॉक्टरकडं नेलं की तो माझ्याकडं बघून विचारतो, “यांना झोप लागते का? यांना भूक लागते का?” बाबा समोरच बसलेले असतात. त्यांना डाव्या कानानं उत्तम ऐकू येतं, तुम्ही फक्त डाव्या बाजूला बसा.

दुसरं, गोळ्या. हृदयाचे डॉक्टर वेगळे, साखरेचे वेगळे, गुडघ्याचे वेगळे. एकदा मोजल्या तर दिवसाला चौदा निघाल्या. त्यात एकच गोळी दोन कंपन्यांच्या नावानं दोनदा होती! आषाढी एकादशीला बाबांनी निरंकार उपवास धरला आणि साखरेची गोळी मात्र वेळेवर घेतली. दुपारी घामानं चिंब, बोलणं अडखळलेलं. आम्हाला वाटलं लकवा मारला. साखर तपासली तर ४२. ती गोळी लिहून देताना ‘उपास करता का?’ एवढं एक वाक्य कुणी विचारलं नव्हतं. वारकऱ्याच्या घरात!

तिरकस_पारवा
आमच्या जालन्यात यावर एकच निदान आहे, ‘वयोमानानुसार’. गुडघा दुखतो? वयोमानानुसार. विसरायला होतं? वयोमानानुसार. माझ्या आत्यानं एकदा विचारलं होतं, “डॉक्टर, दुसरा गुडघाबी तेवढ्याच वयाचा हाय, त्यो का दुखत न्हाई?” डॉक्टरनं पुढचा पेशंट बोलावला.

घाटीतला_जुना
पारवासाहेबांच्या आत्यांना माझा नमस्कार. विद्यार्थ्यांना हा प्रश्न मी नक्की विचारला असता. (घाटीत, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी मेडिकल कॉलेजात शिकलो, चाळीस वर्षं फिजिशियन होतो, आता निवृत्त.)

मांजराकाठ, सुरुवातीला पाच मिनिटं इतिहास सांगायचा असेल तर मार्जरी वॉरन या इंग्रज डॉक्टर बाईची गोष्ट सांगा. १९३५ साल, लंडनजवळ. गोरगरिबांच्या आश्रमाचा एक दवाखाना तिच्या रुग्णालयाला जोडला गेला. सातशेच्या वर माणसं तिथं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळलेली होती. ‘असाध्य’ अशी चिठ्ठी लावली की संपलं. या बाईनं एकेकाला नीट तपासलं, खाटेवरून उठवलं, चालवलं. बरेच जण घरी गेले. नवीन औषध काहीच नव्हतं. फक्त कुणीतरी तपासलं होतं. ‘जेरियाट्रिक्स’, म्हणजे म्हाताऱ्यांचं वैद्यक, हा शब्द त्याआधीच, १९०९ मध्ये, न्यूयॉर्कच्या नाशर नावाच्या डॉक्टरनं घडवला होता. शब्द होता, काम नव्हतं.

आपल्याकडं या विषयाचं एम. डी. पहिल्यांदा सुरू झालं ते चेन्नईच्या मद्रास मेडिकल कॉलेजात, १९९६ साली. आता आमच्या घाटीतही वेगळा विभाग आहे. २०१९ पासूनच्या एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात मेडिसिनमध्ये वृद्धांच्या आजारांवर स्वतंत्र प्रकरण आलं. आमच्या वेळी यातलं काही नव्हतं. आम्ही मुलांच्या वॉर्डात शिकलो की मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. म्हातारा म्हणजे सुरकुतलेला तरुण नव्हे, हे मात्र कुणी शिकवलं नाही.

शिकवायचं ते हेच. न्युमोनिया होतो पण ताप येत नाही. हार्ट अटॅक येतो पण छाती दुखत नाही. नुसतं ‘कसंनुसं होतंय’ म्हणतात, जेवण सोडतात, पडतात किंवा बरळतात. चाळिशीच्या माणसाची लक्षणं शोधत बसाल तर सत्तरीचा माणूस हातचा जाईल. आमची आजी म्हणायची, ‘वात झाला’. शास्त्र बाजूला ठेवा, पण वात झाला म्हटल्यावर ती रात्रभर उशाशी बसायची. हात बांधायची नाही.

तिरकस_पारवा
डॉक्टरसाहेब, सरकारच्या कार्यक्रमाचं राहिलंच की.

घाटीतला_जुना
हो. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१०-११ मध्ये सुरू झाला. जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड, प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा खास ओपीडी, फिजिओथेरपी आणि कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण अशी त्याची आखणी आहे.

तिरकस_पारवा
आखणीबद्दल शंका नाही. एका ठिकाणी त्या दहा खाटा बघायला गेलो होतो. वॉर्डाला पाटी होती, पाटीखाली कुलूप होतं आणि आत जुन्या फायली. फायलीसुद्धा वयोमानानुसार खंगलेल्या.

ज्वारीची_भाकर
मी आशा कार्यकर्ती आहे, धाराशिव जिल्ह्यात. मोबाईलवर लिहितेय, चुका पदरात घ्या.

आमचं सगळं ट्रेनिंग गरोदर बाई, बाळंतपण आन लसीकरण यावर झालं. म्हाताऱ्याचं नंतर आलं. गावच्या उपकेंद्राचं आरोग्यवर्धिनी झालं, मंग आयुष्मान आरोग्य मंदिर झालं, तिथल्या बारा सेवांत म्हाताऱ्याची काळजीबी हाय. पण आमच्या हातात आलं ते रजिस्टर. कोण चालतंय, कोण काठीवर, कोण अंथरुणावर, ते भरायचं. भरलं. अंथरुणावरच्या माणसाचं पुढं काय करायचं ते कुणीतरी हातानं करून दाखवा ना.

आमच्या वाडीत दिवाळी झाली की निम्मी घरं ऊसतोडीला कारखान्यावर जातात. कोयता सुटायला उन्हाळा लागतो. तोवर घरात म्हातारी आन नातवंडं. म्हातारीची बीपीची गोळी संपली तर आणणार कोण? आन म्हातारी पडली तर पोरगं येतं शाळेतून धावत, “ताई, आजी उठंना.”

पडतात ते बहुतेक रात्री. संडास आंगणाच्या कोपऱ्यात, त्याला दीड फुटाची पायरी, लाईट नाही, धरायला काही नाही. एकीचं मी सरपंचाच्या मागं लागून दांडा बसवून घेतला. साधा नळाचा पाईप. ती अजून पडली नाही.

अजून एक सांगते. गर्भपिशवी काढलेल्या बाया आमच्याकडं लई. कुणाची पंचविशीत, कुणाची तिशीत. त्या आता पन्नाशीत आल्या तर कंबरेतनं वाकल्यात. कागदावर त्या म्हाताऱ्या नाहीत. साठ पूर्ण नाहीत म्हणून माझ्या रजिस्टरातबी बसत नाहीत.

घाटीतला_जुना
शेवटच्या परिच्छेदासाठी तुम्हाला माझ्या वर्गात व्याख्यानाला बोलावलं असतं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर पाळी गेल्यावर होणारी हाडांची झीज पंधरा-वीस वर्षं आधीच सुरू होते. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पाहणीत, २०१९ मध्ये, तेरा हजारांहून जास्त जणींची गर्भाशयं काढल्याचं समितीसमोर आलं होतं. या बाया आणखी दहा वर्षांनी खुब्याचं हाड मोडून येतील. मांजराकाठ, तुमच्या चाळीस जणांना बाईचं वय विचारायला शिकवाच, पण पिशवी कधी काढली तेही विचारायला शिकवा.

कयाधू
मी बीएएमएस, हिंगोलीकडं तालुक्याच्या गावी दवाखाना आहे. इथं सगळा दोष डॉक्टरांवर चाललाय म्हणून दोन शब्द.

माझ्याकडं बाजाराच्या दिवशी शंभरावर पेशंट येतात. म्हातारा माणूस आत येतो, टेकतो, दम खातो, सदऱ्याची बटणं काढतो, यातच चार मिनिटं जातात. आणि मागणी काय? “सुई द्या.” नाही दिली तर समोरच्याकडं जातात, तो देतो. मीही दिल्यात, खोटं कशाला बोलू. डायक्लोफिनॅकची, म्हणजे दुखणं थांबवणारी सुई टोचली की म्हातारा दोन दिवस पळतो. पण एप्रिलमध्ये, पारा ४२च्या वर, पाणी कमी प्यालेला, बीपीची लघवी होणारी गोळी चालू आणि त्यावर ही सुई. दोन जणांच्या किडन्या बसल्या, तेव्हा मी शहाणा झालो. वय झालं की तहानच कमी लागते हे मला कॉलेजात कुणी असं सांगितलंच नव्हतं की लक्षात राहील. आता उन्हाळ्यात मी आधी विचारतो, “लघवी कोणत्या रंगाची होतेय?”

तुमच्या प्रशिक्षणात एक करा. प्रत्येकाला घरून एका म्हाताऱ्या माणसाची औषधांची पिशवी आणायला सांगा आणि टेबलावर उपडी करायला लावा. झोपेची गोळी, पित्ताची, चक्करेची, गुडघ्याची, शेजारणीनं दिलेली, मेडिकलवाल्यानं दिलेली. मग प्रत्येक गोळीवर बोट ठेवून विचारा, ही कशासाठी? अजून लागते का? १९९१ साली बिअर्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं म्हाताऱ्यांना शक्यतो देऊ नयेत अशा औषधांची यादी केली. ती अजून सुधारत असतात. नर्सनं औषध बंद करायचं नाही, हे मान्य. पण झोपेची गोळी सुरू झाली आणि माणूस पडायला लागला, ही सांगड घालून डॉक्टरला सांगायला कुणाची परवानगी लागत नाही.

बिंदुसरा
कयाधू, सुईबद्दल खरं लिहिलंत, टोपी काढली.

गोदामाय
आमचा किस्सा. सासूबाई कंधारच्या, मी पुण्यात. विसरतात म्हणून इथं दाखवायला आणलं. एका बाईनं तपासणी घेतली. आज तारीख काय? सन कोणतं? शंभरातून सात वजा करत जा. हे दोन पंचकोन बघून काढा. सासूबाई शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. पेन हातात धरायचं कसं इथपासून सुरुवात. ३० पैकी ११ मार्क. घरी आल्यावर त्यांनी मला सांगितलं, “आज दशमी, उद्या मला साबुदाणा भिजव.” कॅलेंडर बघितलं, दशमीच होती. सगळं पंचांग त्यांच्या डोक्यात!

घाटीतला_जुना
या अडचणीवर आपल्याच देशात काम झालंय. हरियाणातल्या बल्लभगढला न शिकलेल्या माणसांसाठी ही चाचणी हिंदीत नव्यानं बसवली, १९९५ च्या सुमारास. आपल्याकडं नर्सनं एवढं तरी करावं. तारखेऐवजी तिथी, वार किंवा ‘पेरणी झाली का काढणी चालूय?’ विचारा. नांदेडकडच्या माणसाला विचारा, माळेगावची यात्रा झाली का व्हायचीय? लक्ष टिकतं का ते बघायला वार उलटे म्हणून घ्या, शनिवार, शुक्रवार, गुरुवार. त्याला शाळा लागत नाही. आदल्या दिवशी नीट म्हणणारा माणूस आज बुधवारापाशी अडकला तर डॉक्टरला उठवा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

साठीपार
मी परभणीचा. एसटीत कंडक्टर होतो, आता वय ७४. पुढच्या वर्षी पंच्याहत्तर झाले की फुकट प्रवास, सध्या अर्धं तिकीट. नातवानं धागा दाखवला. तुम्ही सगळे आमच्याविषयी बोलता, मनलं आपणबी चढावं गाडीत.

एक. मला नावानं विचारा. “ए बाबा, सरक तिकडं” असं नका मनू. मी तीस वर्षं गाडीत लोकाला “मामा, पुढं सरका” मनलं, कधी ‘ए’ मनलं नाही.

दोन. लघवीचं. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर मला कळायच्या आत व्हायची. वॉर्डात बारा जणांसमोर सिस्टरनं मोठ्यानं विचारलं, “बाबा, परत भिजवलं का?” त्या दिवसापासून मी पाणीच पिणं सोडलं. मंग चक्कर आली, मंग पडलो. डॉक्टर मनले पाणी कमी पडलं. कामून कमी पडलं ते मी सांगितलं नाही. आज इथं पहिल्यांदा सांगतो.

तीन. घाई करू नका. आमचं उत्तर उशिरा येतं पण येतं. तुम्ही दुसरा प्रश्न विचारला की पहिल्याचं उत्तर पोटातच राहतं.

मांजराकाठ
साठीपार काका, तुमचा दुसरा मुद्दा मी तसाच्या तसा वाचून दाखवणार आहे. चालेल ना?

साठीपार
गावाचं नाव सांगू नका. बाकी चालतं.

तिरकस_पारवा
घरी ठेवलेल्या केअरटेकर मुलींचंही बघा. एजन्सीनं पाठवलेली पोरगी आईला काखेत हात घालून उचलायची. आईचा खांदा निखळला आणि पोरीची कंबर गेली. तिला कुणी शिकवलंच नव्हतं. पडून पडून झालेल्या पाठीच्या जखमेवर स्पिरिट चोळ आणि पावडर टाक, एवढंच सांगून पाठवलेलं.

मांजराकाठ
स्पिरिट आणि चोळणं दोन्ही बंद करायचं. लाल झालेल्या हाडाच्या जागी चोळलं की आतली कातडी आणखी फाटते. मध्ये भोक असलेली रबरी चकतीही नको, तिच्या कडेनं रक्त अडतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटऱ्यांखाली उशी घेऊन टाचा अधांतरी ठेवायच्या, कातडी कोरडी ठेवायची आणि अंडी, डाळी, दूध पोटात जायला पाहिजे. सरकवायला पाठीखाली आडवं धोतर किंवा जुनं नऊवारी घडी करून घालायचं, दोन्ही बाजूंनी दोघांनी धरायचं, गुडघे वाकवायचे. ओढायचं नाही, उचलून सरकवायचं. हे मी मावश्यांकडूनच करून घेणार आहे, त्यांना आमच्यापेक्षा चांगलं जमतं.

ज्वारीची_भाकर
ताई, त्याचा व्हिडिओ काढा आमच्यासाठी. आन सरकारच्या वयोश्री योजनेचे तीन हजार आलेल्यांना सांगा, आधी चष्मा आन काठी घ्या. काठीची उंची कशी मोजायची तेबी दाखवा. आमच्याकडं सगळ्या घरांत नवऱ्याची काठी बायको वापरते.

मांजराकाठ
चप्पल घालून सरळ उभं राहायचं, हात मोकळा सोडायचा. मनगटाची घडी येते तिथवर काठीची मूठ. नवऱ्याची काठी उंच असली तर कापा.

*(पाच आठवड्यांनी)*

मांजराकाठ
झालं एकदाचं. वृत्तांत लिहिते म्हटलं होतं.

पहिल्या दिवशी स्लाइड बंद. चाळीस जणांच्या बुटा-चपलांत तुरीची डाळ घातली, कानात कापूस, चष्म्यांना व्हॅसलीन, बोटांना चिकटपट्टी. मग सांगितलं, जिन्यानं वर जा, खिडकीवर केसपेपर काढा, पाकिटातून गोळी सोडवा आणि संमतीपत्र वाचून सही करा. खिडकीवर मुद्दाम आमचा क्लार्क बसवला होता, नेहमीच्याच आवाजात. पाच-सहा जणी रडकुंडीला आल्या. गोळी चौघांच्या हातून खाली पडली आणि एकानं गुपचूप उचलून तोंडात टाकली. संमतीपत्र एकालाही वाचता आलं नाही, सह्या मात्र चाळीसच्या चाळीस झाल्या. यावर जी चर्चा झाली ती जेवणाची सुट्टी खाऊन गेली.

औषधांच्या पिशव्या एकोणतीस आल्या. एका पिशवीत २०१७ साली मुदत संपलेली डोळ्यांची ड्रॉप होती, अजून वापरात.

साठीपार काकांचं वाचून दाखवलं तेव्हा कुणी काही बोललं नाही. एक सिस्टर नंतर येऊन म्हणाली, मॅडम, आम्ही रोजच असं विचारतो.

फसलं तेही सांगते. दुसऱ्या दिवशी दुपारी जखमांचं सत्र ठेवलं, भात खाऊन अर्धे पेंगले. ते सकाळी हवं होतं. डॉक्टर तीन आले, त्यातले दोन जेवणापुरते. उठून दहा फूट चालून परत येऊन बसायची चाचणी घेतली, बारा सेकंदांच्या वर गेलं तर पडायचा धोका धरायचा. तर सरावाला बोलावलेल्या गावच्या दोन आज्यांना खुर्चीतून उठायचीच सवय नव्हती, त्या आयुष्यभर जमिनीवर बसलेल्या! जमिनीवरून मात्र तटकन उठल्या. त्याचं काय करायचं ते डॉक्टरसाहेबांनी सांगावं.

एक गोष्ट मनासारखी झाली. केसपेपरवर ‘नाव, वय, लिंग’च्या खाली एक ओळ छापून घ्यायला मेट्रन तयार झाल्या : ‘महिन्याभरापूर्वी काय काय करत होते?’ सध्या रबरी शिक्का मारतात. काल वॉर्डात गेले तर एका कागदावर त्या ओळीपुढं लिहिलेलं होतं, ‘शेळ्या वळत होते. नातवाला शाळेत सोडत होते.’ अक्षर त्याच हात बांधणाऱ्या सिस्टरचं.

घाटीतला_जुना
जमिनीवरून उठणाऱ्या आज्यांसाठी खुर्चीची वेळ बाजूला ठेवा. गेल्या महिन्यात कशा उठत होत्या आणि आज कशा उठतात, ते बघा. तुमच्या शिक्क्याचंच काम आहे.

ज्वारीची_भाकर
ताई, शिक्का केवढ्याला पडला? आमच्या रजिस्टरावर मारीन म्हणते.

मांजराकाठ
दोनशे वीस रुपये, गंजगोलाईत करून घेतला. तुमच्यासाठी एक करून पाठवते, पत्ता व्यक्तिगत निरोपात टाका.

साठीपार
डाळीचं काय केलं पण? चाळीस जणांच्या दोन-दोन चपला, तीन-चार किलो तरी गेली असल.

मांजराकाठ
काका, वॉचमननं त्याच्या कोंबड्यांना नेली. वरण केलं नाही, निश्चिंत राहा.